शिमग्याची पालखी टाळते ते घर

आंबा घाटाच्या मध्यावर आमची एसटी थांबली. इंजिन तापलं होतं. कंडक्टरने सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं आणि तो स्वतः डबा घेऊन झऱ्याकडे पाणी आणायला गेला. मी कठड्यापाशी जाऊन खाली पाहिलं आणि तशीच उभी राहिले. मी बार्शीची. फाल्गुनात आमच्याकडे झाडांच्या काटक्या होतात आणि जमीन पांढुरकी पडते. इथे दरीभर दाट रान होतं, आणि जिथे रान नव्हतं तिथली माती विटेच्या भुकटीसारखी लाल होती. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांना मी विचारलं, की इथे विटांच्या भट्ट्या आहेत का. ते हसले. म्हणाले, हा जांभा, आमच्याकडे दगडच लाल असतो, आम्ही तो कापून घरं बांधतो.

ही १९८४ सालची गोष्ट. कोकणात रेल्वे यायची होती. बार्शीहून कोल्हापूर आणि कोल्हापूरहून रत्नागिरी असा तो दोन दिवसांचा प्रवास होता, आणि मी तो एकटीने करत होते, कारण मला शिमगा पाहायचा होता.

त्याचं मूळ होतं कुंदाच्या पत्रांत. कोल्हापूरला अध्यापिका विद्यालयात कुंदा आणि मी दोन वर्षं एका खोलीत राहिलो. ती मूळची चिपळूणची, लग्न होऊन रत्नागिरीला गेली आणि तिथेच शाळेत लागली. मी बार्शीला. दरवर्षी शिमगा झाला की तिचं चार-पाच पानी पत्र यायचं. गावदेवाची पालखी कशी निघते, घरोघर कशी जाते, त्यांच्या अंगणात ती पाऊण तास कशी नाचली, सासऱ्यांनी नारळ कसा वाढवला, सासूबाईंनी ओटी कशी भरली. ती इतकं जिवंत लिहायची की मी ती पत्रं वर्गात मुलांना वाचून दाखवत असे. मी येते म्हटलं, की मात्र दरवर्षी काहीतरी निघायचं. सासूबाई आजारी, घराचं काम काढलंय, शाळेत तपासणी आहे. त्या वर्षी मी ठरवलं की आता विचारायचं नाही. पोस्टकार्ड टाकलं, किरकोळ रजा घेतली आणि उत्तराची वाट न बघता निघाले.

होळी होऊन तीन दिवस झाले होते. कोकणात शिमगा होळीला संपत नाही, पालख्या त्यानंतरच घरोघर फिरायला लागतात, हे मला पत्रांवरून ठाऊक होतं.

दुपारी रत्नागिरीच्या स्टँडवर उतरले. सगळं गाव जत्रेत असल्यासारखं दिसत होतं. मुंबईहून आलेले चाकरमानी नवे कपडे घालून हिंडत होते, हार-फुलांच्या टोपल्यांनी रस्ता अडला होता, कुठूनतरी ढोल ऐकू येत होता. मी एक चांगला मोठा नारळ, खण आणि उदबत्ती घेतली आणि रिक्षा केली. कुंदाची वाडी शहराच्या कडेला, मिरकरवाड्याकडे जाणाऱ्या उतारावर आहे. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. रिक्षावाल्याने मला एका पाखाडीच्या (जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची वाट) तोंडाशी सोडलं.

तिथे एक किराणा दुकान होतं. दुकानदाराने मला पाहून बाक पुढे सरकवला, पाणी दिलं, कुठून आलात म्हणून चौकशी केली. बार्शी ऐकून तो खूश झाला, ज्वारीचा भाव विचारला. मग कुणाकडे आलात असं विचारलं आणि मी कुंदाच्या सासऱ्यांचं, तात्यांचं, नाव सांगितलं. त्याने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला, आत ठेवला आणि मागे वळून रॉकेल मोजायला लागला. मी पुन्हा विचारलं. तो मोजत राहिला. पाखाडीवरून एक बाई विहिरीचं पाणी घेऊन येत होती, तिला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं, घर माहीत असल्यासारखं एका दिशेला बघितलं, आणि कळशी सावरत निघून गेली.

कोकणी माणूस तुटक बोलतो असं ऐकलं होतं. मी मनाची तशी समजूत घातली आणि ती बाई ज्या दिशेला बघत होती तिकडे चालायला लागले. पंचवीस-तीस पायऱ्या उतरल्यावर वाटेला फाटा फुटला, आणि डावीकडे दहा पावलांवर पत्रांमधून मला पाठ झालेलं घर दिसलं. कौलारू, पुढे पडवी, पडवीपुढे शेणाने सारवलेलं खळं (अंगण), कडेला दोन माड. खळ्यात कुंदा रांगोळीची पूड चाळत होती. मी हाक मारली.

ती उठली आणि मला पाहताच तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मला वाटलं होतं ती धावत येईल. ती जागच्या जागी उभी राहून म्हणाली, "सुमे, तू कशी आलीस?"

माझं पोस्टकार्ड पोचलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच हातात पोस्टमनने ठेवलं.

क्षणभराने ती भानावर आली, गळ्यात पडली, रडली, हसली. तात्या पडवीतून बाहेर आले. सत्तरीचे, उंच, काटक. त्यांनी माझी पिशवी स्वतः आत नेली. कुंदाचा नवरा वसंत मुंबईला छापखान्यात होता, तोही शिमग्यासाठी रजेवर आला होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा शून्यात बघत बसला. त्यांची दहा वर्षांची मुलगी दिसेना, म्हणून विचारलं. कुंदा म्हणाली, ती चिपळूणला बहिणीकडे आहे, दर शिमग्याला तिला तिकडेच पाठवतो. इतक्या मोठ्या सणाला मुलीला घराबाहेर कोण पाठवतं, असं मला वाटून गेलं. पण समोर ओल्या काजूगरांची उसळ आणि घावनं (तांदळाच्या पिठाची धिरडी) आली आणि मी तो विचार सोडून दिला. ओले काजू मी जन्मात पाहिले नव्हते. रात्री कुळथाची पिठी होती, म्हणजे आपल्याकडच्या हुलग्यांचं पिठलं, आणि सोबत तळलेले बांगडे. मी माळकरी घरातली. मी पिठीवर भागवलं, आणि तात्यांनी माझ्यासाठी आणखी चार घावनं करायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा मला मिरकरवाडा बंदर दाखवायला घेऊन गेली. समुद्र पाहून माणूस गप्प होतो म्हणतात, पण मी गप्प झाले ती लिलावाने. होड्या लागल्या होत्या, टोपल्या रिकाम्या होत होत्या, कोळणी कमरेवर हात ठेवून बोली लावत होत्या. बर्फाचं पाणी पावलांवरून वाहत होतं. माझ्याहून लांब असा एक मासा दोघांनी ओढत नेला. त्याचा डोळा उघडा होता आणि तो माझ्याकडे बघतोय असं वाटून मी मागे सरले, ती थेट एका जाळ्याच्या ढिगाऱ्यात बसले. कोळणी पोट धरून हसल्या. ज्याची जाळी होती त्याने मला हात देऊन उठवलं. हे दाऊदभाई. त्यांची स्वतःची होडी होती, आणि तात्यांशी जुना घरोबा होता. त्यांनी कुंदाला तात्यांची तब्येत विचारली, चहा मागवला, आणि मी शिमग्यासाठी बार्शीहून आलेय हे कळल्यावर ते कुंदाकडे बघत म्हणाले, "बरं झालं. यंदा तुमच्या खळ्यात कोणीतरी आलं."

कुंदाने पटकन विषय बदलला. मीही तेव्हा ते वाक्य ऐकून सोडून दिलं.

त्या दिवशी दुपारी पालखी वाडीवरच्या मैदानात सहाणेवर (पालखी टेकवायचा चौथरा) यायची होती. कुंदा म्हणाली तिचं डोकं दुखतंय. वसंत घरात नव्हताच. तात्या म्हणाले, "तुम्ही जाऊन या. एवढ्या लांबून आलाहात." मी माझा नारळ आणि खण घेऊन एकटीच गेले.

आमच्याकडे देवाची पालखी म्हणजे टाळ-मृदंग, हळू चाल आणि चवऱ्या. इथे मैदानात हजारभर माणसं होती, ढोल-ताशे अंगात घुमत होते, आणि दोन माणसं खांद्यावर चांदीच्या मुखवट्यांची पालखी घेऊन उड्या मारत होती. ती पालखी झुकायची, गिरकी घ्यायची, जमिनीला टेकता टेकता वर उसळायची. एकाने दांडा खांद्यावरून डोक्यावर घेतला, हात सोडले आणि तसाच नाचायला लागला. देव पडणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दांडा तिसऱ्याच्या खांद्यावर होता आणि शेजारच्या बाया माझ्याकडे बघून हसत होत्या. एकीने मला हाताला धरून पुढे घेतलं. दुसरीने नाचणाऱ्यांची नावं सांगितली. जो डोक्यावर दांडा घेऊन नाचला तो सुदाम, मुंबईला असतो, त्याच्यासारखं कोणी नाचवत नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. मला वाटलं, कुंदाने इतकं लिहिलं तरी कमीच लिहिलं.

पालखी सहाणेवर बसली आणि बाया ओटी भरायला रांगेत लागल्या. मीही लागले. गुरव नारळ घेत होता, आणि शेजारी उभे असलेले मानकरी, दाजी त्यांचं नाव, प्रत्येकासाठी गाऱ्हाणं घालत होते. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी. बा देवा, ही तुझी लेक अमक्या गावची, अमक्याच्या घरची, हिला सुखी ठेव. आणि सगळा जमाव एका आवाजात म्हणायचा, व्हय म्हाराजा.

माझी पाळी आली. दाजींनी नाव विचारलं, गाव विचारलं. बार्शी ऐकून त्यांनी कौतुकाने मान हलवली. मग विचारलं, इथे कुणाकडे उतरलात. मी सांगितलं.

गुरवाचा हात माझ्या नारळावर होता. तो तसाच थांबला. मागची कुजबुज थांबली. दाजी रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. ते म्हणाले, "बाई, नारळ परत घ्या."

मला वाटलं माझं काही चुकलं, सोवळ्याओवळ्याचं काही. मी म्हटलं, की हा नारळ मी काल बाजारातून घेतलाय, त्यांच्या घरातला नाही.

"पण उंबरा त्यांचाच ओलांडून आला ना," दाजी म्हणाले. "देवाचा राग तुमच्यावर नाय. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

गुरवाने नारळ आणि खण माझ्या हातात दिला. मी वळले. जिने मला हात धरून पुढे आणलं होतं ती बाई दोन पावलं मागे सरकली. मला जायला वाट मोकळी झाली, सरळ मैदानाच्या टोकापर्यंत. इतकी माणसं असताना कुणाचा पदरही मला लागला नाही. मी चाळिशीतली बाई, वीस वर्षं पोरांना दरडावलेली, पण त्या वाटेवरून मी नारळ पदराआड धरून चालले.

घरी आले तेव्हा कुंदा पडवीत बसली होती. माझ्या हातातला नारळ पाहून ती समजली. तिने काही लपवलं नाही.

सहा वर्षांपूर्वी दाजींनी विहिरीकडे जाणारी पाखाडी गडगा (दगडी कुंपण) घालून बंद केली होती. खालच्या घरांना पाण्यासाठी लांबून वळसा पडायला लागला. कोणीतरी कोर्टात गेलं. गावकीने, म्हणजे वाडीच्या पंचांनी, ठरवलं की साऱ्यांनी एकच सांगायचं, तिथे वाट कधी नव्हतीच. तात्यांना साक्षीला बोलावलं. तात्यांनी सांगितलं, की वाट होती, मी लहानपणापासून तिथून पाणी आणलंय. निकाल लागला, गडगा निघाला, आणि गावकीने तात्यांचं घर वाळीत टाकलं. कुणी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, लग्नाला बोलवायचं नाही, पालखी न्यायची नाही.

मी विचारलं, ती पाखाडी म्हणजे मी ज्यावरून उतरून आले तीच का. ती म्हणाली, हो. सगळी वाडी रोज त्याच वाटेने पाणी नेते.

मग तिने सासूबाईंचं सांगितलं. त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या, एवढंच तिने मला पत्रातून कळवलं होतं. निरोप सगळ्यांना गेला. सकाळपासून दुपारपर्यंत खळ्यात कोणी आलं नाही. तात्या आणि वसंत, खांदेकरी दोनच. शेवटी दाऊदभाई भावाला घेऊन आले आणि बाकीचे दोन खांदे त्यांनी दिले. कुंदाच्या शाळेतले दोन शिक्षक पुढे चालले. पाखाडीवरच्या घरांची दारं लावलेली होती.

"मग पत्रं?" मी विचारलं.

"लग्नानंतरची पहिली काही वर्षं पाहिलं होतं, तेच लिहीत गेले," ती म्हणाली. "तुला खरं लिहायला बसायचे, आणि हात पालखीच लिहायचा."

मी सुन्न झाले. दुपारी ज्या गर्दीत देवाला खांदा द्यायला माणसं एकमेकांना ढकलत होती, त्याच गर्दीने एका म्हातारीला खांदा दिला नव्हता. मला त्या नाचाची किळस आली. मी कुंदाला म्हटलं की मी उद्याच निघते. ती म्हणाली, थांब, उद्या पालखी आमच्या वाटेवरून जाते. मी म्हटलं, जाते ना, येत तर नाही. ती म्हणाली, "तात्या दरवर्षी तयार होऊन उभे राहतात. या वर्षी त्यांच्या शेजारी कोणीतरी उभं राहू दे."

वसंत जेवताना पहिल्यांदा मोकळा बोलला. म्हणाला, तो सुदाम, पालखी नाचवतो तो, मुंबईला आमच्याच खोलीत असतो. वाडीतले आम्ही आठजण एका खोलीत राहतो. एका चटईवर झोपतो, तो माझ्या ताटात जेवतो, मला ताप आला तर रात्रभर बसतो. इथे स्टँडवर उतरलो की तो वेगळ्या वाटेने घरी जातो. वसंतने हे काही तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं, आणि मला ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी कुंदाने पहाटे उठून खळं सारवलं. चौरंग मांडला, त्याभोवती रांगोळी घातली, निरांजन लावलं. तात्यांनी स्वच्छ धोतर, सदरा, काळी टोपी घातली आणि हातात नारळ घेऊन ते खळ्याच्या तोंडाशी उभे राहिले. मी त्यांच्या डावीकडे उभी राहिले. कुंदा ओटीचं तबक घेऊन उजवीकडे. वसंत आतच होता. त्याला बघवत नाही, असं कुंदा म्हणाली.

दहाच्या सुमाराला वरच्या घरांतून ढोल ऐकू यायला लागले. एकेका खळ्यात पालखी नाचत होती, गाऱ्हाण्याचा आवाज येत होता. तासाभराने पालखी पाखाडीवरून उतरताना दिसली. पुढच्या दांड्याला सुदाम होता. पुढे दाजी, मागे गुरव, त्यामागे पन्नासेक माणसं.

फाट्यापासून वीस पावलांवर ती आली आणि ढोल थांबले.

कुंदाने हे मला सांगितलं नव्हतं. या घरासमोरून जाताना ते ढोल थांबवतात. ताशेवाल्यांनी काड्या काखेत धरल्या, लोकांनी माना खाली घातल्या, आणि पालखी घाईघाईने उतरायला लागली. ऐकू येत होती फक्त अनवाणी पावलं. पालखी नेऊ नये हे मी एक वेळ समजू शकले असते. पण एखाद्या घरासमोर आवाज बंद करायचा, हे कुणाला सुचलं असेल? तात्या हलले नाहीत. नारळ छातीशी धरून ते रस्त्याकडे बघत राहिले.

दाजी फाटा ओलांडून उजवीकडे गेले. सुदाम फाट्यावर आला. मी त्याच्यापासून दहा हातांवर होते आणि माझं लक्ष त्याच्या पायांकडे होतं, कारण त्याच्या तोंडाकडे बघायची मला इच्छा नव्हती. त्याचा उजवा पाय पुढे पडला. डावा पाय उचलला गेला, हवेत थांबला, आणि आमच्या बाजूला पडला. मग उजवाही वळला. दांडा फिरला, मागच्याचा तोल गेला, त्याला सुदामच्या मागे यावंच लागलं. पालखी डावीकडे झुकली आणि सरळ आमच्या खळ्यात आली.

मग मागून एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "देव वळला."

तिच्यामागे आणखी दोघं तेच म्हणाले. ढोलवाल्याने दाजींकडे पाहिलं. दाजी पाखाडीवर पाठमोरे थांबले होते. ढोलवाल्याने एक टिपरू मारलं, थांबला, दुसरं मारलं, आणि मग ताशा त्याला मिळाला. सुदाम नाचायला लागला. मैदानात नाचला होता तसा तो नाचत नव्हता, त्याचा चेहरा घामाने आणि कशानेतरी भिजलेला होता. आतून वसंत धावत बाहेर आला. सुदामने मागच्या माणसाला मानेने खुणावलं. त्याने जागा दिली आणि वसंतने मागचा दांडा खांद्यावर घेतला. दोघं नाचत राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही.

पालखी चौरंगावर बसली. आता गाऱ्हाणं हवं होतं, आणि ते मानकऱ्याखेरीज कोणी घालू शकत नव्हतं. सगळे वाट बघत होते. दाजी खळ्याबाहेर उभे होते. देव आत बसलाय आणि मानकरी बाहेर, हे किती वेळ चालणार. शेवटी ते आले. तात्यांच्या समोर उभे राहिले पण त्यांच्याकडे बघितलं नाही. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, बा देवा महाराजा, आणि तात्यांच्या नावाशी येऊन ते अडले. इतक्या वर्षांत ते नाव त्यांनी उच्चारलं नव्हतं. मग हळू आवाजात उच्चारलं. म्हणाले, यांच्या घरादाराला सुखी ठेव. एवढंच म्हणाले.

जमावातून पहिल्यांदा चार-पाच आवाज आले. मग सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा.

कुंदाच्या हातातून खण दोनदा खाली पडला. तात्यांना नारळ वाढवता येईना. तो गुरवाने वाढवला. तात्या मला एवढंच म्हणाले, की आमची ही आज असायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायची तयारी करत होते. मागच्या दाराशी शेजारची बाई उभी होती, हातात वाटी. कुंदाला ती हळूच म्हणाली, "विरजण आहे का गो थोडं?" कुंदाने वाटीत दही घातलं. ती बाई गेली. कुंदा दार लावून चुलीपुढे बसली आणि लहान मुलासारखी हमसून रडली. मीही तिच्याजवळ बसून राहिले, त्यापायी माझी सकाळची गाडी चुकली.

दुपारच्या गाडीसाठी स्टँडवर आले तर मुंबईच्या रांगेत सुदाम उभा होता, हातात पत्र्याची पेटी. मी जवळ जाऊन त्याला म्हटलं, की मी सगळ्यात जवळ उभी होते, मी पाहिलं. तो घाबरला. आजूबाजूला बघून म्हणाला, "पाय सरकला बाई. वाळू होती तिथं."

तिथे वाळू नव्हती. पहाटे कुंदाने फाट्यापर्यंत सारवलं होतं. मी म्हटलं, असेल वाळू. त्याने माझी पिशवी माझ्या गाडीत वर ठेवून दिली आणि पुन्हा आपल्या रांगेत जाऊन उभा राहिला.

दोन दिवसांनी बार्शीला पोचले. शाळेत, शेजारी, सगळ्यांना मी तिखटमीठ लावून सांगत सुटले. कोकणातले लोक असे, त्यांचा देव असा, वाळीत टाकतात म्हणजे काय हो, आजच्या काळात. ऐकणाऱ्या बाया तोंडाला पदर लावत होत्या. आमच्या ओसरीवर असंच सांगत बसले असताना एकदा माझी नजर गल्लीच्या टोकाला गेली. शेवटच्या घरात शकुंतला राहते. नवऱ्याचं घर सोडून अकरा वर्षांपूर्वी माघारी आली. शिवण करते. चैत्रातलं हळदीकुंकू आमच्या गल्लीत घरोघर होतं, आणि बोलावणं करत मी स्वतः दरवर्षी तिच्या अलीकडच्या घरापाशी वळते. आमच्या गल्लीत गावकी नाही, पंच नाहीत, कोणी कसला ठराव केलेला नाही. कोणी मला कधी सांगितलंही नाही की तिच्याकडे जाऊ नकोस. मी आपली वळत आले. अकरा वर्षांत तिची कडी मी वाजवली ती फक्त गल्लीत कुणी गेल्याचा निरोप द्यायला.

बोलता बोलता मी थांबले. शेजारणींनी विचारलं, पुढे काय झालं. मी म्हटलं, उद्या सांगते.

त्याच संध्याकाळी कुंदाने बांधून दिलेल्या काजूगरांतले वाटीभर घेऊन मी शकुंतलेच्या घरी गेले. दाराची कडी वाजवली. बराच वेळ आतून शिवणयंत्राचा आवाज येत राहिला. मग तो थांबला. शकुंतलेने दार अर्धवट उघडलं, मला पाहिलं, माझ्या हातातल्या वाटीकडे बघितलंच नाही. तिचा हात छातीशी गेला.

तिने विचारलं, "कोण गेलं?"